लांबलचक इंग्लिश शब्द फोडायचा कसा? ‘इनकॉम्प्रिहेन्सिबल’बद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मी संध्याकाळी इंग्लिशची बॅच घेते. बहुतेक पोरं मराठी मीडियमची, काही कामावरून सुटून येणारी मोठी माणसं पण आहेत. लांब शब्द आला की सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. सगळी उत्तरं इनकॉम्प्रिहेन्सिबल (incomprehensible) या एकाच विशेषणावर आहेत, पण रीत एकदा कळली की दुसऱ्या कुठल्याही लांब शब्दाला लागू पडते. जिथे जोर आहे तो तुकडा मी ‘ ’ अशा अवतरणात टाकलाय.

मॅडम, एवढे शब्द असताना हाच का?

कारण याचा अर्धा भाग तुम्हाला आधीच येतो. दहावीच्या पेपरात पॅसेज येतो, त्याला आपण कॉम्प्रिहेन्शन म्हणतो. गाडीचा इन्शुरन्स काढताना एजंट विचारतो, थर्ड पार्टी की कॉम्प्रिहेन्सिव्ह? त्याच घरातला हा शब्द. अर्थ सोपा आहे, ‘समजायला अशक्य’. स्पेलिंगमध्ये 16 अक्षरं आहेत म्हणून पोरं घाबरतात, पण त्यात नवीन असं जवळजवळ काहीच नाहीये.

सिलॅबल म्हणजे आपलं अक्षरच ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून नीट सांगते. आपण लिहितो ते अक्षर, आणि तोंडातून एका दमात बाहेर पडतो तो तुकडा म्हणजे सिलॅबल. प्रत्येक सिलॅबलच्या पोटात एक स्वर असतो. ‘चादर’ लिहिताना तीन अक्षरं, चा, द, र. पण बोलताना चा-दर, दोनच तुकडे, कारण शेवटच्या र मधला अ आपण बोलतच नाही. ‘शेंगदाणा’ लिहायला चार, बोलायला शेंग-दा-णा असे तीन. ‘सिद्धेश्वर’ लिहायला चार आणि बोलायला सिद्-धेश्-वर, तीन. म्हणजे मराठीत पण लिहिलेलं आणि बोललेलं यात फरक आहेच, फक्त आपण लहानपणापासून बोलतो म्हणून तो कधी मोजावा लागला नाही.

अभंगात अक्षरं मोजतात, मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा आणि शेवटी चार, ती मोजणी वेगळी, तिथे लिहिलेलं प्रत्येक अक्षर धरतात. इंग्लिशचे सिलॅबल मोजताना स्पेलिंगकडे बघायचंच नाही, फक्त कानाने ऐकायचं. हनुवटीखाली हात धरा आणि शब्द सावकाश बोला, प्रत्येक स्वराला हनुवटी थोडी खाली येते, साधारण तेवढे सिलॅबल.

मग या शब्दात किती? आमच्यात कोण पाच म्हणतं, कोण सहा.

सहा. इन-कॉम-प्रि-‘हेन’-सि-बल. पाच म्हणणारे बहुतेक शेवटचं ‘सिबल’ एका दमात गिळतात. शेवटच्या ‘बल’मध्ये इंग्रज लोक स्वर जवळजवळ बोलतच नाहीत, ब् च्या मागोमाग जीभ वर नेऊन ल् धरतात, तो ल् च स्वराचं काम करतो, पण तो तुकडा वेगळा मोजायचाच. टेबल, लिटल, बॉटल या सगळ्या शब्दांत असंच आहे.

आमच्या घरात तेलुगू बोलतात, मित्राकडे कन्नड, शेजारी उर्दू. त्याचा सिलॅबलवर फरक पडतो का?

पडतो, आणि हा प्रश्न सोलापुरात विचारायलाच पाहिजे, इथे एका बेंचवर चार भाषांची पोरं बसतात. तेलुगू आणि कन्नडमध्ये शब्द शक्यतो स्वरावर संपवायची सवय आहे, त्यामुळे बसचं ‘बस्सु’ होतं, म्हणजे एकाचे दोन सिलॅबल झाले. उर्दू-हिंदीवाल्यांच्या तोंडी स्कूलचं ‘इस्कूल’ होतं, तिथे पण एकाचे दोन. आणि आपण मराठीवाले फिल्मला ‘फिलिम’ म्हणतोच की, तेही तेच झालं. प्रत्येक भाषा आपापल्या सवयीने एखादा स्वर आत सरकवते, यात कमी-जास्त कोणी नाही, लाजायचं तर अजिबातच नाही. फक्त आपल्या घरच्या भाषेची सवय कोणती ते ओळखून ठेवा. तेलुगूवाल्या पोरांनी शेवटी ‘बलु’ होत नाही ना ते बघायचं, आणि उरलेल्यांनी कॉम आणि प्रि च्या मधे एखादा अ घुसत नाही ना, ‘कॉमप-रि’ असं होत नाही ना, ते बघायचं. प्रि हे एकच सिलॅबल आहे, प् आणि र् चिकटून.

एका गोष्टीत मात्र आपल्याला आयता फायदा आहे. भरभर बोलताना इन मधला न् पुढच्या क मुळे बदलतो, ‘इंकॉम’ असा होतो. आपण शंकर, पंख म्हणताना तो अनुस्वार जसा बोलतो ना, तसाच. म्हणजे हा आवाज शिकवावा लागत नाही.

जोर म्हणजे तो तुकडा मोठ्याने बोलायचा का?

फक्त मोठ्याने नाही. जोर म्हणजे चार गोष्टी एकत्र. आवाज थोडा चढतो, तुकडा थोडा लांबतो, थोडा मोठा होतो, आणि त्यातला स्वर स्वच्छ ऐकू येतो. या चारात मला सगळ्यात महत्त्वाची लांबी आणि स्वच्छ स्वर वाटतो, कारण आपली पोरं जोर द्या म्हटलं की ओरडतात आणि लांबवायचं विसरतात. ‘हेऽन’ असं किंचित ओढा.

दुसरी बाजू याहून अवघड आहे. जिथे जोर नाही तिथला स्वर विरघळू द्यायचा. त्या विरघळलेल्या स्वराला श्वा म्हणतात, ‘अबाउट’ मधला पहिला अ आहे ना, तसा पुसट. आपल्याला प्रत्येक अक्षर स्पष्ट बोलायची शिस्त शाळेत लावलेली असते, वाचनाच्या तासाला बाई म्हणायच्या स्पष्ट वाच, त्यामुळे आपण इन, कॉम, प्री, हेन, सी, बल असं सहाच्या सहा तुकड्यांना सारखं वजन देतो. मराठीसाठी ती शिस्त बरोबर आहे. इंग्लिश ऐकणाऱ्याला मात्र त्यात शब्दाचं डोकं कुठे ते सापडत नाही.

मराठीत जोर नसतोच का? लघु-गुरू म्हणजे काय मग?

मराठीत एखाद्या अक्षरावर थोडा दाब येतो, पण तो दाब दुसरीकडे हलवला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्लिशमध्ये बदलतो. ‘रे’-कर्ड म्हणजे नोंद, रि-‘कॉर्ड’ म्हणजे नोंद करणं. ‘कॉन’-टेंट म्हणजे आतला मजकूर, कन-‘टेंट’ म्हणजे समाधानी. ‘प्रे’-झंट म्हणजे हजर, प्रि-‘झेंट’ म्हणजे सादर करणं.

लघु-गुरू ही अक्षराची लांबी आहे, जोर नाही. पण ते यमाताराजभानसलगा ज्यांनी पाठ केलंय त्यांनी विसरू नका, पुढच्याच उत्तरात त्याचं काम आहे.

जोर ‘हेन’वरच का? इन वर का नाही? तेच तर नकार दाखवतं.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. उत्तर थोडं मोठं आहे, पण एकदा समजलं की शंभरेक शब्दांचा जोर डिक्शनरी न उघडता सांगता येतो.

शेवटी ‘इबल’ असलेल्या विशेषणात इबलच्या लगेच आधीचं सिलॅबल बघायचं. ते जड असेल, आपल्या भाषेत गुरू, तर जोर तिथेच बसतो. हलकं असेल, म्हणजे लघू, तर जोर आणखी एक घर मागे सरकतो. गुरू कधी? स्वर दीर्घ असेल किंवा स्वराच्या मागून व्यंजन येऊन तुकडा बंद होत असेल तेव्हा, हे व्याकरणाच्या तासाला शिकलोच आहोत. आता हेन बघा, ए नंतर न् येऊन तुकडा बंद झालाय, म्हणून जड, म्हणून जोर तिथे. रि-‘स्पॉन’-सि-बल, तसंच. फ्लेक्सिबल, ‘फ्लेक’ जड. आता इन्टेलिजिबल घ्या, इन-टे-लि-जि-बल. इबलच्या आधी ‘लि’ आहे, हलकं, म्हणून जोर मागे सरकून ‘टे’वर गेला. एलिजिबल मध्ये पण ‘लि’ हलकं, म्हणून जोर पार पहिल्या ‘ए’वर. फॉर्म भरताना एलिजिबल शब्द रोज लागतो आणि बरेच जण इ-‘लि’-जिबल म्हणतात, ते आता बंद करा.

जड-हलकं बघून जोर ठरवायची ही सवय इंग्लिशला लॅटिनकडून आलीय आणि हे शब्द मुळात लॅटिनच आहेत. म्हणून कुठे कुठे आजच्या उच्चारात हलका वाटणारा तुकडा जोर घेतो, जसं इन-‘क्रे’-डि-बल. तिथला स्वर लॅटिनमध्ये दीर्घ होता. इम-‘पॉ’-सि-बल मध्ये स्पेलिंगला दोन एस आहेत, लॅटिनमध्ये ते दोन्ही बोलायचे, त्यामुळे तुकडा बंद व्हायचा.

आणि इनचं म्हणाल तर नकाराचा तुकडा पुढे चिकटला म्हणून जोर सहसा हलत नाही. ‘पॉ’सिबल, इम‘पॉ’सिबल. ‘ले’जिबल, इ‘ले’जिबल. काही शब्द याला अपवाद आहेत, फेमस पासून ‘इन’-फ-मस होतं आणि ‘फाय’-नाइट पासून ‘इन’-फि-निट, तिथे इन जोर ओढून घेतं. हे दोन वेगळे पाठ करून टाका.

मग उरलेले पाच तुकडे सगळे सारखेच हलके का?

नाही. ‘कॉम’वर दुसऱ्या नंबरचा जोर आहे. इन हलकं, कॉम मध्यम, प्रि हलकं, हेन जोरात, सि-बल हलकं. हलगीचा ठेका कानात असेल तर हे लगेच जमतं, एक बारीक ठोका आधी आणि मोठा ठोका नंतर, मधे काडी नुसती घासून जाते.

डिक्शनरीत उभ्या बारक्या रेघा असतात त्या कशाच्या?

त्याच जोराच्या. उच्चाराच्या लिपीत वरच्या बाजूला छोटी उभी रेघ म्हणजे मुख्य जोर, खालच्या बाजूला रेघ म्हणजे दुसऱ्या नंबरचा. रेघ तुकड्याच्या आधी असते, नंतर नाही, हे लक्षात ठेवा, कारण रेघ बघून तिच्या आधीच्या तुकड्यावर जोर देणारी खूप पोरं आहेत. या शब्दात खालची रेघ कॉमच्या आधी आणि वरची हेनच्या आधी दिसेल.

आणि काही डिक्शनऱ्यांत मुख्य शब्दाच्या मधे टिंबं असतात ती वेगळी. ती ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तर कुठे तोडायचा ते सांगतात. एकटं अक्षर ओळीवर सोडत नाहीत म्हणून ‘अबाउट’ला टिंब देत नाहीत, पण सिलॅबल दोन आहेतच.

अर्थाचे तुकडे कसे पाडायचे?

चार तुकडे. इन, कॉम, प्रिहेन्स, इबल. इन म्हणजे नाही. कॉम म्हणजे एकत्र किंवा पूर्णपणे. प्रिहेन्स हे मूळ, लॅटिन क्रियापदातून आलेलं, अर्थ पकडणं, धरणं. इबल म्हणजे करता येण्यासारखं. सगळं जोडा, ‘पूर्ण पकडता न येणारं’. इंग्लिशमध्ये हा शब्द चौदाव्या शतकापासून आहे, आणि जुन्या ख्रिस्ती प्रार्थनेत तो देवासाठी येतो, तिथे अर्थ कशातही न मावणारा, अमर्याद असा आहे. नंतर हाताने पकडणं मागे पडलं आणि बुद्धीने पकडणं तेवढं राहिलं.

हे मूळ कुठे कुठे सापडतं बघा. अप्रिहेंड म्हणजे पोलिसांनी पकडणं. प्रिझन, तुरुंग, तोही याच मुळाचा. फ्रेंचमधून फिरून आलेले सरप्राइज आणि एंटरप्राइज पण याच कुळातले. नवी पेठेतून चालत जाताना दुकानांच्या पाट्या वाचा, ‘एंटरप्रायझेस’ लिहिलेलं दिसलं की तिथे हाच ‘पकडणं’ बसलाय, काम हातात घेणं असा.

मराठीत तर जवळजवळ जुळं भावंड आहे, अनाकलनीय. अन्, आकलन, ईय. पुढे नकार, मधे समजणं, शेवटी ‘करण्याजोगं’. आणि संस्कृतचं अन्, लॅटिनचं इन आणि इंग्लिशचं अन हे तिन्ही मुळात एकाच प्राचीन भाषेतून आलेले आहेत.

सिलॅबलचे तुकडे आणि अर्थाचे तुकडे वेगळे कसे?

कारण दोघांचं काम वेगळं. अर्थाने तोडलं तर इबल एक तुकडा, तोंडाने तोडलं तर सि-बल, म्हणजे मुळातला स् इबलच्या दारात येऊन बसतो. प्रिहेन्स अर्थाने एक, तोंडाने प्रि आणि हेन. वहीत दोन ओळी करा, वर सिलॅबल, खाली अर्थ. एकाच ओळीत दोन्ही बसवायला गेलात की स्पेलिंग पण चुकतं आणि जोर पण.

इन दिसलं की नकारच समजायचा?

नको! पुणे-हैदराबाद हायवेला उभे राहा, टँकरच्या मागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. नकार समजलात तर अर्थ उलटा होईल, पेट न घेणारं, आणि हे जिवाशी खेळणं आहे. इथलं इन म्हणजे ‘आत’, आग धरणं. त्यामुळेच हल्ली बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहितात, अर्थ दोन्हीचा एकच. आणि इनव्हॅल्युएबल मध्ये इन नकाराचंच आहे, तरी अर्थ बिनकामाचं असा नाही, किंमत करता न येणारं, म्हणजे अमूल्य.

नकाराचं इन वेषही बदलतं. प, ब, म च्या आधी इम, ल च्या आधी इल, र च्या आधी इर. इम्पॉसिबल, इलीगल, इर्रेग्युलर. आपल्या संधीसारखंच आहे, उत् आणि ज्वल मिळून उज्ज्वल होतं ना.

स्पेलिंगला ए-बी-एल-ई की आय-बी-एल-ई?

ए-वालं जिवंत आहे, कुठल्याही क्रियापदाला लावा, नवीन शब्द तयार. टॉवेलच्या लेबलवर वॉशेबल असतं, वॉश अधिक एबल. आय-वालं लॅटिनमधून तयार होऊन आलेलं आहे, नवीन शब्दांना सहसा लागत नाही. ढोबळ मानाने शेपूट काढल्यावर पूर्ण इंग्लिश शब्द उरला तर ए, अर्धवट उरला तर आय. ‘कॉम्प्रिहेन्स’ असा शब्द इंग्लिशमध्ये नाही, म्हणून आय. पण अ‍ॅक्सेसिबल, सेन्सिबल हे नियम मोडतात, ते लिहून लिहून पाठ करायचे.

ए-वाल्यांचा जोर बहुतेक वेळा मूळ शब्दाचा असतो तिथेच राहतो. ‘कम’फर्ट, ‘कम’फर्टेबल. इथे ‘टेबल’ म्हणू नका, कृपा करून. कम्फ-ट-बल. व्हेजिटेबल पण वेज-ट-बल. शेवटी टेबल ठेवलं की जोर आपोआप तिकडे पळतो.

शब्दाची बाकीची रूपं आली की जोर हलतो का?

कॉम्प्रि-‘हेंड’, कॉम्प्रि-‘हेन’-शन, कॉम्प्रि-‘हेन’-सिव्ह, सगळ्यांत हेच घर. हलतो फक्त शेवटी ‘इटी’ लागल्यावर, इनकॉम्प्रिहेन्सि-‘बि’-लि-टी, आठ सिलॅबल. इटी नेहमी आपल्या लगेच आधीच्या तुकड्यावर जोर ओढते. युनि-‘व्हर’-सिटी, इलेक-‘ट्रि’-सिटी. इक पण तसंच करतं, ‘फो’टोग्राफ पण फोटो-‘ग्रॅ’-फिक.

ब्रिटिश म्हणायचं की अमेरिकन?

जे जमेल ते. अमेरिकन ‘कॉम’ जरा ‘काम’कडे झुकतो, बाकी जोर दोघांचा एकाच जागी. जोर चुकला तर मात्र समोरचा दुसराच शब्द शोधत बसतो, कारण इंग्लिश कान शब्द ओळखताना आधी जोर पकडतो. म्हणून मी पोरांना सांगते, सोलापुरी हेल राहू दे, तो आपला आहे, कॉल सेंटरच्या इंटरव्ह्यूला पण राहू दे, फक्त जोर जागेवर ठेवा.

इलेजिबल, अनइन्टेलिजिबल आणि हा, तिन्ही एकच का?

नाही. चिठ्ठीवरची अक्षरंच लागत नाहीत ते इलेजिबल. स्टेशनवर गर्दीत अनाउन्समेंट होते आणि शब्दच कळत नाहीत, ते अनइन्टेलिजिबल. अक्षरं स्वच्छ वाचली, शब्द स्वच्छ ऐकले, तरी डोक्यात काही शिरलं नाही, तर ते इनकॉम्प्रिहेन्सिबल. वापरात थोडी सरमिसळ होते, पण लिहिताना हा फरक पाळला तर वाक्य नेमकं होतं.

अ‍ॅन्टिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम पाठ करू का?

हौस असेल तर करा. 28 अक्षरं आहेत, पण ते नाम आहे, विशेषण नाही, आणि कामाला कधीच लागत नाही.

तोंडात बसवायचा कसा, सांगा ना एकदाच.

मागून पुढे या. आधी नुसतं बल. मग सिबल. मग ‘हेन’सिबल, इथे थांबा आणि जोर पक्का होईपर्यंत हेच म्हणा, कारण हा तुकडा बसला की काम झालं. मग प्रि‘हेन’सिबल, मग कॉम्प्रि‘हेन’सिबल, शेवटी इन. पुढून सुरुवात केली की पोरं इन-कॉम पर्यंत जोरात जातात आणि हेनला येईपर्यंत दम संपतो. मागून आलं की प्रत्येक वेळी ओळखीच्या रस्त्यावर शेवट होतो. पूर्ण शब्द जमला की लगेच वाक्यात टाका, ‘द इन्स्ट्रक्शन्स वेअर इनकॉम्प्रि‘हेन’सिबल’, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. ऐकताना फक्त एवढंच तपासायचं, सगळ्यात लांब तुकडा कोणता ऐकू आला. हेन असेल तर पुढचा शब्द घ्या, इरिस्पॉन्सिबल घ्या, त्यात जोर कुठे ते वरच्या रीतीने तुमचं तुम्हीच काढा.